मापाचा सुकतळा: नवशिक्या खेळाडूंसाठी नंदुरबारी मार्गदर्शिका

साहित्य

पाय दोन. बूट एक जोड, शक्यतो स्वतःचे. खेळ कोणताही चालेल: कबड्डी, खो-खो, लांब पल्ल्याची धाव किंवा पोलीस भरती. पोलीस भरती हा आमच्या जिल्ह्यातला सर्वांत लोकप्रिय मैदानी खेळ. त्याला संघ लागत नाही, पंच लागत नाही, फक्त जाहिरात निघावी लागते. ती निघाली की दुसऱ्या पहाटेपासून गावाबाहेरच्या प्रत्येक डांबरी रस्त्याच्या कडेनं पोरंपोरी पळायला लागतात. मिरचीच्या पथाऱ्यांपाशी शिंकतात, पुन्हा पळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. कालपर्यंत टपरीवर बसलेला गडी आज एकदम आठ-दहा किलोमीटर काढतो, कारण जागा कमी आणि दिवस त्याहून कमी. मग नडगी भरून येते, टाच ठणकते, आणि मोबाइलवर काहीतरी पाहिलेला एखादा मित्र निदान करून टाकतो: “भो, तुले ते ऑर्थोटिक लागी.”

हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे.

ऑर्थोटिक म्हणजे बुटातला मूळचा सुकतळा काढून त्याच्या जागी बसवायचा, तुमच्याच पायाच्या ठशावरून घडवलेला दुसरा सुकतळा. टाचेला खोलगट वाटी, कमानीला टेकू, चवड्याखाली हवी तिथं उशी, नको तिथं खोबण. शहरात त्याला काही हजार रुपये पडतात. तो बुटाच्या आत राहतो, त्यामुळे फोटोत येत नाही. आजच्या काळात ही त्याची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

बूट मिळवणे

सुकतळा बुटात बसतो, म्हणून आधी बूट. इथंच निम्मे नवशिके गळतात. आपल्या घरांत बूट घेण्याचा अधिकार पाय ज्याचा आहे त्याला नसतो. तो वडिलांना, थोरल्या भावाला किंवा बाजाराला निघालेल्या मामांना असतो, आणि ते बूट दोन नंबर मोठेच घेतात. कारण ठरलेलं: “वाढता पाय आहे.” बावीस वर्षांच्या भरतीवाल्याचाही पाय घरच्यांच्या मते वाढताच असतो. मग पुढच्या टोकाला चिंधी कोंबायची, टाचेखाली वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी घडी करून सरकवायची आणि पळायचं. मापाचा सुकतळा आपल्याकडे नव्हता असं कुणी म्हणू नये. होता, फक्त तो दर रविवारी बदलावा लागत असे.

ढिल्या बुटात हजारोंचा सुकतळा घालणं म्हणजे पैसे तापीत सोडणं. पाय आत सरकत राहतो, आणि ज्या जागी टेकू हवा तिथं तो येतच नाही. तेव्हा बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभराच्या वापरानं पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. उभं राहून माप द्या. सर्वांत लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्या. टाचेमागची भिंत चिमटीत दाबून पाहा, ती सहज दुमडली तर तो बूट लग्नाच्या वरातीत घालायचा. दोन्ही टोकं धरून बूट वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही.

आणि माप दोन्ही पायांचं द्या. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे, आणि हद्दीच्या रेषेवर दोन्हीकडे एकेक पाय ठेवून फोटो काढायची रीत आहे. पुढच्या वेळी फोटो झाला की जरा खाली बघा. एक पाय अर्धा नंबर लांब, एकाची कमान बसकी, एकाचा अंगठा आत वळलेला, असं सर्रास सापडतं. सुकतळाही म्हणूनच जोडीनं विकत मिळत नाही. डावा वेगळा घडतो, उजवा वेगळा.

खेळ अनवाणी असेल तर हे सगळं वाचून उपयोग नाही. मातीवरच्या खो-खोत पाटीवर बसणारी आणि खांबाकडं सूर मारणारी पोरं अनवाणीच खेळत आली. सुकतळा अनवाणी पायाला दोऱ्यानं बांधून पाहू नये. पंच हरकत घेतील की नाही सांगता येत नाही, पाय मात्र नक्की घेईल.

पाय ओळखणे

पाय ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवा आणि ठसा पाहा. मधला भाग बारीक पट्टीसारखा उमटला तर कमान ठीक, पूर्ण भरून उमटला तर पाय चपट्याकडं झुकलेला, मध्ये काहीच उमटलं नाही तर कमान उंच. सूचना: मे महिन्यात हा प्रयोग करू नये. नंदुरबारच्या उन्हाळ्यात तुम्ही ठसा बघायला वाकेपर्यंत तो वाळलेला असतो. दुसरी सूचना: ठशाची तुलना दिवाळीत दारात काढलेल्या लक्ष्मीच्या पावलांशी करू नये. ती पावलं मुठीच्या कडेनं उमटवतात, त्यांची कमान कुठल्याच माणसाला नसते. तिच्यापुढं सगळा जिल्हा चपट्या पायाचा ठरेल.

ठशापेक्षा महत्त्वाची पुढची पायरी आहे. चवड्यांवर उभे राहा आणि मागून कुणाला तरी तुमच्या टाचा पाहायला सांगा. चवड्यावर गेल्यावर कमान वर आली आणि टाच आतल्या अंगाला वळली, तर तुमचा चपटा पाय लवचीक आहे. दुखत नसेल तर त्याला काहीही करायचं नाही. ही गोष्ट सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी दोनदा वाचावी. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत येत असेल, पाय लवचीक असेल, दुखत नसेल आणि उमेदवार चवड्यांवर नीट उड्या मारू, पळू शकत असेल, तर तो पाय चालतो, असं सैन्याच्या वैद्यकीय निकषांतच म्हटलंय. अडतो तो ताठर चपटा पाय. तरीही आमच्याकडं भरतीच्या आधी तळपायाखाली सोड्याची बाटली फिरवून कमान उगवण्याची साधना चालते. काहीजण त्याच हेतूनं महागडा सुकतळा घेतात. वैद्यकीय तपासणीत आधी बूट काढायला लावतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. विकत घेतलेली कमान दाराबाहेर राहते आणि उमेदवार आत जातो.

आता थोडं अनवाणी पायांविषयी. राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी भारतातल्या २३०० मुलांच्या पावलांच्या ठशांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध केला. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत चपटे पाय ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत सर्वांत जास्त. म्हणजे धडगावच्या चढावर शेळ्यांमागं अनवाणी हिंडलेल्या पोराचा पाय, शहरात केजीपासून काळे बूट घातलेल्या पोरापेक्षा चांगल्या घडणीचा असण्याची शक्यता जास्त. दिवाळीत अस्तंबा ऋषीच्या डोंगरावर चढणारी गर्दी पाहिली तर स्लिपर घालून खडकावर झपाझप पाय टाकणारी मंडळी दिसतात आणि ट्रेकिंगचे बूट घातलेली मंडळी त्यांना वाट देताना दिसतात.

पण यावरून अनवाणीपणाचा सोहळा करणाऱ्यांशी माझं जमत नाही. अनवाणी पायाला बाभळीचा काटाही लागतो, आणि अंकुशकृमी मातीतून तळव्याच्या कातडीवाटे आत शिरून रक्त कमी करतो, तो काही पायाच्या कमानीकडं पाहून सोडून देत नाही. अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे सगळे सांगतात. १९६४ साली टोकियोत तो बूट घालून पुन्हा जिंकला, हे सांगायचं राहून जातं. आपल्याकडं सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव घेतात, शाळेत अनवाणी पळायची म्हणून. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक तिनं अनवाणी मिळवलं नव्हतं. पोरीला बूट न घेण्याचं समर्थन म्हणून तिचं नाव वापरणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

सारंगखेड्याला जाणे

ही पायरी वगळू नये. शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा आहे. तिथं दत्त जयंतीला यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. लाखांच्या बोली, आत वळलेल्या कानांचे मारवाडी आणि काठियावाडी घोडे, हलगीच्या तालावर नाचणारे घोडे, रील काढणारी गर्दी. ते सगळं सोडा आणि नालबंद शोधा. खेळणाऱ्या पायासाठी मापाचं पादत्राण घडताना आमच्या जिल्ह्यात कुठं बघायला मिळत असेल, तर त्याच्यापाशी.

काय करतो ते नीट पाहा. आधी तो घोड्याला चालवून बघतो, सरळ रेषेत, टणक जमिनीवर. कुठला पाय आधी टेकतो, कुठला ओढतो. मग जुनी नाल उपटून तिची झीज पाहतो, आतल्या बाजूला जास्त की बाहेरच्या. मालकाला विचारतो, काम काय, नाचायचंय, पळायचंय की टांगा ओढायचाय. घोड्याचा पाय आपल्या मांडीवर घेतो, वाढलेलं खूर कापतो, कानस मारून सपाट करतो, नाल ठेवून बघतो, उचलतो, ऐरणीवर दोन ठोके देऊन वाकवतो, पुन्हा ठेवतो. पुढचे खूर गोलसर, मागचे लांबट, म्हणून चारही नाला सारख्या नसतात. खिळे खुराच्या बाहेरच्या भिंतीत ठोकतो, जिथं संवेदना नाही. शेवटी घोडा पुन्हा चालवून बघतो. आणि सांगतो, सहा-आठ आठवड्यांनी परत घेऊन ये, कारण खूर वाढत राहतं.

चालवून बघणं, जुन्या झिजेवरून अंदाज, कामाची चौकशी, प्रत्येक पायाचं वेगळं माप, बसवून पुन्हा चालवणं, पुढची तारीख. मुंबई-पुण्यातला चांगला ऑर्थोटिस्ट नेमकं हेच करतो, फक्त पाय मांडीवर घेताना लाथ बसण्याची भीती त्याला कमी. आणि आश्रमशाळेच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धेत धावणाऱ्या पोरीला यातला एकही प्रश्न कुणी विचारलेला नसतो. तिला विचारतात फक्त गट कोणता आणि आधार कार्ड आणलंय का.

झिजेबद्दल एक खुलासा. बुटाची टाच मागून बाहेरच्या बाजूला झिजलेली असणं हे बहुतेकांच्या बाबतीत अगदी नेहमीचं आहे. ते दाखवून कुणी “पाय बिघडलाय” म्हणाला तर तो ऑर्थोटिस्ट नसून विक्रेता आहे.

पैसे मोजण्यापूर्वी

टाचदुखीवर, म्हणजे सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली जी कळ येते तिच्यावर, ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष छापून आले. १३५ माणसं, तीन गट: एकाला नावापुरता पातळ फोम, एकाला तयार मिळणारा सुकतळा, एकाला मापाचा. तीन महिन्यांनी तयार आणि मापाच्या दोन्ही गटांना थोडा फायदा दिसला आणि दोन्हींत फारसा फरक नव्हता. वर्षभरानं तिन्ही गट जवळपास सारखे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी तर बरीच वर्षं पाय ‘सरळ करण्याच्या’ कल्पनेलाच आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं असं की पायाला जो सुकतळा आरामशीर वाटतो तोच बहुधा बरोबर असतो.

म्हणून साध्या टाचदुखीला आधी पोटरीचे ताण, पळणं कमी करून हळूहळू वाढवणं, आणि बाजारातला काही शे रुपयांचा बरा तयार सुकतळा. त्यानं भागलं तर ही मार्गदर्शिका इथंच मिटवून ठेवा. भरतीवाल्यांच्या नडगीदुखीचं मोठं कारण बहुतेकदा पायाचा आकार नसून तो पहिल्याच आठवड्यातला दहा किलोमीटरचा उत्साह असतो. त्यावर सुकतळा नाही, कॅलेंडर लागतं.

मापाचा लागतो कुणाला? दोन पायांच्या लांबीत खरोखर फरक असलेल्यांना, ताठर किंवा फार उंच कमानीवाल्यांना, जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळलेल्यांना, चवड्याखाली एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ आणि कळ येणाऱ्यांना. आणि ज्यांचा पाय कारखान्याच्या कुठल्याच नंबरात मावत नाही अशांना. जलपायगुडीच्या स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिनं हेप्टॅथलॉनचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्या पायांवर सात प्रकार करताना नेहमीच्या बुटांनी तिचे हाल केले होते. सुवर्ण मिळाल्यावर एका मोठ्या कंपनीनं तिच्या पायाचं माप घेऊन बूट बनवले. आपल्याकडं क्रम असाच असतो, आधी पदक आणि मग माप.

आणखी एक गोष्ट आहे, ती चेष्टेत सांगण्यासारखी नाही. आमच्या भागात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. त्यात हाडं, सांधे दुखतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद होऊन चालही बिघडते. लंगडत पळणाऱ्या पोराला सुकतळा घेऊन देण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. ज्यांना हा आजार आहे त्यांनी उन्हात, पाणी न पिता, जीव तोडून पळणं धोक्याचं. तसंच नडगीवर एका बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि रात्री झोपेतही ठणकत असेल, तर ते हाडाला बारीक तडा गेल्याचं लक्षण असू शकतं. पहिल्या दोनेक आठवड्यांत एक्स-रेत तो दिसेलच असं नाही. एक्स-रे कोरा आला म्हणून पुन्हा पळायला जाऊ नका.

माणूस शोधणे

यात्रेत मिळणारी दाणेदार अ‍ॅक्युप्रेशर चप्पल हे ऑर्थोटिक नव्हे. चुंबकाचा सुकतळा हेही नव्हे. काचेवर उभं करून पायाचा लाल-पिवळा नकाशा दाखवणारं यंत्र उपयोगी असतं, पण त्याच्यामागं उभा असलेला माणूस कोण, हा खरा प्रश्न. कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं बनवणाऱ्या तज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं होते, १९९२ च्या कायद्यानुसार. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. खऱ्या माणसाला तो सांगताना आनंद होतो.

मुंबईत हाजी अलीला भौतिक उपचार आणि पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र त्याहून जुनं, १९४४ चं. आपल्या सोयीचं म्हणाल तर आमचा बराच जिल्हा दवाखान्यासाठी सुरतेच्या गाडीत बसतो. धडगावहून निघालेल्यानं मात्र त्या आधी चांदसैली घाट उतरायचा असतो, आणि पावसाळ्यात तो दरड कोसळून बंद नाही ना, हे फोन करून विचारायचं असतं. प्रवासाचा वेळ धरून सराव आखावा.

एक बाब सहसा कुणी खेळाडूंना सांगत नाही. आपल्या देशात तळव्यावरचा दाब ही गोष्ट ज्यांनी सर्वांत गांभीर्यानं घेतली ते क्रीडावैद्यक नव्हेत, कुष्ठरोगाचे डॉक्टर. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत. बधिर पायावर त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब येतो, माणसाला तो कळत नाही, आणि जखम होते. त्यातून एमसीआर चप्पल रूढ झाली: मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा तळ, खिळा एकही नाही, मागं पट्टा. कुष्ठरोग कार्यक्रमात ती सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते. मधुमेहींनाही तोच विचार लागू. धावपटूचा पाय बधिर नसतो, त्याला दुखतं, एवढीच त्याची चैन. तंत्र तेच: दाब एका जागेवरून काढून सगळ्या तळव्यावर वाटायचा.

आणि गटई कामगाराला विसरू नका. सरकारी योजनेतल्या त्या पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसलेल्या काकांच्या हातात आरी आणि रापी असते, आणि चामडं किती छिललं की ते पायाला लागत नाही याचा अंदाज असतो, जो कुठल्याही स्कॅनरला नाही. ठसा ते घेणार नाहीत, निदानही करणार नाहीत. पण तज्ज्ञानं सांगितलेली टाचेखालची पाच मिलिमीटरची उंची बरोबर पाच मिलिमीटरची, कडा उतरती करून, बुटाच्या तळात बसवायची असेल तर मी त्यांच्याकडंच जाईन. “काका, दोन्हीकडं नको, फक्त डाव्याला,” एवढं मात्र दोनदा सांगा. सवयीनं ते दोन्हीकडं लावून देतात, आणि मग दोन पायांतला फरक होता तेवढाच राहतो.

ठसा देणे

प्लॅस्टरची पद्धत: तुम्हाला पालथं झोपवतात, पाय खाटेबाहेर. प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या तळव्याला आणि टाचेला गुंडाळतात. मग तज्ज्ञ करंगळीकडच्या बाजूनं चवडा धरून हळूच वर ढकलतो, घोट्याखालचा सांधा ना आत ना बाहेर अशा मधल्या जागी आणतो आणि तसाच धरून ठेवतो. प्लॅस्टर आवळेपर्यंतची ही काही मिनिटं फार महत्त्वाची. या काळात हलू नये, व्हॉट्सअ‍ॅप पाहू नये, गुदगुल्या झाल्या तरी शौर्यानं सोसाव्यात. बोटं हलवलीत तर ती हललेली बोटं वर्षभर तुमच्या बुटात राहतील.

दुसरी पद्धत फोमच्या खोक्याची. पाय दाबला की त्यात ठसा उमटतो. इथं नवशिके पराक्रम करतात. “दाबा” म्हटलं की उभे राहून सगळं वजन टाकतात, आणि पाय भाराखाली जितका पसरतो तितका पसरलेला ठसा देऊन येतात. ज्या बिघाडासाठी आलो त्याचीच हुबेहूब नक्कल. बहुतेकदा बसून, गुडघा काटकोनात ठेवून, तज्ज्ञाच्याच हातानं पाय दाबून घ्यायचा असतो.

ठशात प्लॅस्टर ओतून पायाची प्रतिकृती होते, ती घासून-भरून सुधारतात, तापवलेली पॉलिप्रॉपिलीनची पट्टी किंवा इव्हीएचा जाड फोम तिच्यावर दाबून बसवतात, कडा घासतात. धावणाऱ्याला सहसा थोडी लवचीक, हलकी गोष्ट बरी. कबड्डीवाल्यानं आपण कबड्डी खेळतो हे ओरडून सांगावं, कारण चढाईत पाय आडवा फेकला जातो, आणि आतल्या बाजूनं फार उंच केलेला कडक टेकू घोटा बाहेर मुरगळायला मदत करू शकतो. “मी मॅटवर खेळतो” हेही सांगा. मॅटचे बूट पातळ आणि घट्ट असतात, त्यात जाड सुकतळा घातला की टाच वर येऊन बुटाबाहेर निघते.

वापर आणि निगा

बुटातला जुना सुकतळा आधी काढा. हे लिहिण्याची गरज नाही असं वाटेल, पण नवा जुन्यावर ठेवून “बूट घट्ट झाला” म्हणत तक्रार करणारे पुष्कळ असतात. पहिल्या दिवशी तासभर, तोही नुसता चालताना. मग रोज थोडं वाढवत दोनेक आठवड्यांनी पळायला. नवा सुकतळा पहिल्यांदा जिल्हा स्पर्धेच्या सकाळी घालू नये, कितीही भारी वाटला तरी. सुरुवातीला थोडं वेगळं, कमानीत काहीतरी असल्यासारखं वाटणारच. फोड आले किंवा नव्या जागी दुखू लागलं तर गप्प बसू नका, परत जा. घासून दुरुस्त करून घेणं हे त्याच किमतीत आलेलं असतं.

इव्हीएला उष्णता चालत नाही, तो आकसतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये बूट पत्र्यावर वाळत घालणं, मोटारसायकलच्या डिकीत ठेवणं, चुलीजवळ ठेवणं बंद. धुवायचं तर ओल्या फडक्यानं पुसून सावलीत. मऊ फोमचा सुकतळा रोजच्या पळण्यात वर्ष-दीड वर्षात दबून जातो. अंगठ्यानं दाबल्यावर तो परत वर येत नसेल तर त्याचं काम झालंय.

धाकटा भाऊ

हा विभाग इतर कुठल्या मार्गदर्शिकेत नसेल. आमच्याकडं घरात भरतीला उभा राहणारा सहसा एकटा नसतो, आणि चांगले बूट सहसा एकच जोड असतात. तुमच्या डाव्या टाचेखाली पाच मिलिमीटर उंची घातलेला सुकतळा तुमच्या धाकट्या भावानं घातला की त्याच्या निरोगी पायात तुमचा फरक जातो, आणि आठवड्याभरानं त्याचा गुडघा दुखायला लागतो. नंतर आई विचारते की एवढे पैसे खर्च करून पोरगं लंगडं का झालं. तेव्हा सुकतळ्याच्या खालच्या बाजूवर बॉलपेननं आपलं नाव लिहावं. घामानं ते पुसलं जातं, म्हणून सराव संपला की सुकतळे बुटातून काढून वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि बूट बिनधास्त दारात सोडावेत. भावाला त्यात पुरवणी घालता येते. त्याचा पाय तसाही दोन नंबर लहान आहे.